थंडीत कुणी घर दाखवत नाही

आज ऑफिसात सगळे खुशीत होते. रात्री पारा उतरला म्हणे. एकीने कपाटाच्या तळातून काढलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा स्वेटर घातला होता, दुसऱ्याने मफलर गुंडाळून घसा धरल्याचं नाटक चालवलं होतं, आणि चहाची एक फेरी जास्त झाली. मुंबईकराला थंडीचं कौतुक भारी. "पहाटे पंखा बंद करावा लागला, माहितीय?" हे प्रत्येकाने दुसऱ्याला असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं याच्या दारात बर्फच पडला. मला कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुम्हाला नाही आवडत थंडी?" म्हटलं, "आवडते. दुपारची." सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मी कांजूरमार्गला राहते, पूर्वेला, हायवेच्या जवळ. हायवेपलीकडे मिठागरं, खारफुटी, मग खाडी, आणि त्यातच शहराच्या कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड. वर्षातले बरेच महिने त्याचा आम्हाला काही उपद्रव नसतो. वारा समुद्राकडून येतो, गच्चीवरचे कपडे फडफडवतो आणि सगळा वास उचलून खाडीपार नेऊन टाकतो. दिवाळी सरली की मात्र पहाटेचा वारा उलटा फिरतो. तो पूर्वेकडून येतो, हलकासा, छान गार. अंगावर घेण्यासारखा. त्याच्याबरोबर तो वास येतो.

वास म्हटलं की लोकांना कुजकं काहीतरी आठवतं. हा तसा नाही. हा गोडसर आहे, आंबलेल्या फळांत कुणी प्लास्टिक जाळावं तसा. तो नाकात शिरत नाही, घशात बसतो. टॉवेलात राहतो, उशीत राहतो, सकाळी उघडलेल्या तांदळाच्या डब्यात शिरतो. उन्हं चढली, की समुद्राचा वारा पुन्हा जोर धरतो आणि जेवणवेळेपर्यंत सगळं स्वच्छ. दुपारी कुणी पाहुणा आला, तर "किती मोकळी हवा आहे हो तुमच्याकडे" म्हणून जातो. सगळं शहर ज्या पहाटेची वाट बघतं, त्या पहाटे मी डोळे उघडण्याआधी श्वास तपासते. आज तो आला होता. म्हणजे थंडी पडली.

मी मुंबईत आले ती नोकरीपायी. कुडाळजवळच्या औषधांच्या कारखान्यात मी माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. ती प्रयोगशाळा बंद झाली आणि आम्हाला अंधेरीच्या मुख्य कचेरीत हलवलं. आई आधीच गेली होती. घरात अप्पा आणि मी. अप्पा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर धूळ खाल्ली, तिकिटं फाडली, आणि निवृत्तीला दमा घरी घेऊन आले. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, पण अप्पांना एकटं टाकून मी कुठे जाणार नाही हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. तेव्हा मुंबईत मी घर शोधत होते असं म्हणणं पूर्ण खरं नाही. मी अप्पांना श्वास घेता येईल अशी जागा शोधत होते. बाकी भिंती कशाही चालल्या असत्या.

तो सगळा आषाढ मी उपनगरं पालथी घातली. बोरिवलीच्या एजंटने फोनवरच विचारलं, "मॅडम, मच्छी वगैरे?" म्हटलं, "मालवणी आहे, वगैरे नाही, मच्छीच." त्याने फोन ठेवला. घाटकोपरला एका सोसायटीत आडनाव ऐकून सेक्रेटरी इतकं गोड हसले, की पुढचं त्यांनी बोलायची गरजच उरली नाही. नाहूरला नवी बिल्डिंग, लिफ्टमध्ये आरसा, खाली कारंजं, पण बाजूला आणखी एक टॉवर चढत होता आणि सिमेंटची पूड पायऱ्यांवर बसलेली दिसत होती. अप्पांच्या छातीला ते चाललं नसतं. चारकोप मला आवडलं होतं. सेक्टरमागून सेक्टर, सगळी घरं सारखी, मी एका दुपारी तिथे दोनदा हरवले, पण रस्ते रुंद आणि झाडं बरी. मावसबहिणीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "चारकोप? तिकडे काय आहे गं? जंगलात राहायला जाशील काय?"

आणि मग मुलुंड. मुलुंड पूर्वेला एका जुन्या, बसक्या इमारतीत तळमजल्यावरचं घर होतं. मालकीण एक निवृत्त शिक्षिका, बोलायला तुटक. त्यांनी मला आधी प्रश्न विचारले आणि मग स्वतःहून सांगितलं, की पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, ती मी लपवणार नाही. मागे बाग होती. अप्पांना जिना चढावा लागला नसता. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. एक दिवसाची मुदत मागितली, ती फक्त अलकाला विचारण्यासाठी.

अलका माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा थोडी मोठी. मावशीचे यजमान गिरणीत होते. गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आणि ही मंडळी कांजूरला आली. अलका लहानपणी प्रत्येक मे महिन्यात आमच्याकडे गावी यायची. आम्ही दोघी एका चादरीत झोपत होतो, काजू भाजताना दोघींचे हात एकदम काळे झालेत. तिला पहिली पाळी आली ती आमच्या परसात, आणि ती गोष्ट तिने तिच्या आईच्या आधी मला सांगितली. अशा माणसाला विचारायचं नाही, तर कुणाला?

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" अलका म्हणाली. "मुलुंडात कोण आहे तुझं? रात्री अप्पांना काही झालं तर ती मास्तरीण धावणार आहे का? आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथा मजला रिकामा आहे. आई आहे, मी आहे. झकास पूर्वेची गॅलरी आहे, समोर खाडी. ये, बघ तरी."

मी गेले. श्रावणातली दुपार होती, जेवणं झालेली. अलकाने दार उघडलं, सरळ मला गॅलरीत नेलं आणि म्हणाली, "घे श्वास." मी घेतला. पावसाने धुतलेली हवा, मागून येणारा वारा, पुढे मिठागरांत साठलेलं पाणी चकाकत होतं. "थंडीत इथून फ्लेमिंगो दिसतात," ती म्हणाली. मावशी खालून डब्यात घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं घेऊन आली. माझ्या आईच्या हातची चव मावशीच्या हाताला आहे. मी तिथेच, रिकाम्या घरात फरशीवर बसून जेवले आणि थोडी रडलेसुद्धा. मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "इलंस तर बरा होयत गो," ती म्हणाली. "माका तरी कोण आसा?"

प्रयोगशाळेत आम्ही गोणीच्या वरच्या थरावरून माल कधी पास करत नाही. वरून, मधून, तळातून नमुना घेतो, आणि माल पाठवणाऱ्याच्या शब्दाला तर काडीची किंमत देत नाही. मुलुंडच्या घराची मी भिंतन् भिंत ठोकून बघितली होती. नाहूरला पायऱ्यांवर बोट फिरवून धूळ पाहिली होती. कांजूरला मी काही विचारलं नाही. शेजारी कोण, आधीचे लोक का सोडून गेले, गॅलरीच्या खिडक्यांच्या कडांना हा चिकटपट्टीचा डाग कसला, काहीच नाही. आपल्या माणसांना असं विचारायची आमच्यात पद्धत नाही. कोकणातला माणूस मुंबईत येतो तेव्हा आधी कुठली वस्ती चांगली हे विचारत नाही, तिथे आपलं कोण आहे हे विचारतो. माझ्या आधीच्या कितीतरी पिढ्या असंच विचारून या शहरात आल्या आणि तरल्या. मीही तेच केलं.

गणपतीला गावी गेले, ती अप्पांना घेऊनच परतले. ते दारात उभे राहून म्हणाले, "अगो, उजेड कितको!" त्यांना गॅलरी फार आवडली. सकाळी उठून ते तिथे खुर्ची टाकत, पेपर वाचत, हायवेवरून जाणाऱ्या एसटीच्या गाड्या ओळखत बसत. ही कुठल्या डेपोची, ही उशिरा सुटली असणार, हा ड्रायव्हर गिअर ओढतो. मी ऑफिसातून आले की मावशी आमच्याकडे बसलेली असे. अप्पा आणि ती माझ्या आईच्या गोष्टी काढत. आईला लहानपणी झाडावर चढून बसायची सवय होती, हे मला तेव्हा कळलं. एवढे दिवस ही गोष्ट मावशीकडे होती आणि माझ्यापर्यंत आलीच नव्हती. मी स्वयंपाक करता करता ऐकत असे. ते दिवस मी आजही बोटाने चाचपून बघते, की खरंच होते ना. होते. तेवढे तरी होते.

दिवाळीच्या पाडव्याला अलका चारकोपला राहायला गेली. हो, चारकोपलाच. तिच्या नवऱ्याने तिथल्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला होता, आणि जवळच घर. ते कधीपासून ठरलं होतं कुणास ठाऊक. मला कळलं तेव्हा सामान बांधून झालं होतं. मावशीने कांजूर सोडायला साफ नकार दिला. यजमानांनी उभं केलेलं घर आहे, म्हणाली. अलका टेम्पोत बसता बसता माझ्या गळ्यात पडली. "आईकडे लक्ष ठेव हां, माधे. तू आहेस म्हणून मला टेन्शन नाही." मलाही भरून आलं होतं. मी तिला पेढे दिले, वर हळदकुंकू लावलं.

तुळशीचं लग्न लागलं, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या गावडेकाकू जिन्यात भेटल्या. हातात चिकटपट्टीची मोठमोठी रिळं. म्हणाल्या, "तुमच्या खिडक्या झाल्या का चिकटवून?" मी विचारलं, कशाला? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये तुळशीचं लग्न झालं की पूर्वेच्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद करतात, आणि शिमग्याला सोडवतात. ओल्या चादरी टांगतात. पहाटे ऊद घालतात. लहान मुलांना पश्चिमेच्या खोलीत झोपवतात. सगळ्या मजल्यांवर हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही. "अलकाने नाही सांगितलं तुला?" काकूंनी विचारलं, आणि मग एकदम जीभ चावली. जरा वेळाने, माझी कीव येऊन असेल, हळूच म्हणाल्या, "अगं, दिवाळीनंतर आमच्याकडे कुणी घर दाखवतच नाही. दाखवलं तरी जेवणं झाल्यावर. तुला कधी दाखवलं?"

मी वर येऊन गॅलरीत उभी राहिले. त्या चिकटपट्टीच्या डागांवर नख घासलं, तर थर निघत होते. जुने, नवे, त्याच्याखाली आणखी जुने.

पुढचं मला लिहायला आवडत नाही. खिडक्या कशासाठी चिकटवतात ते काकूंनी सांगितलं नव्हतं, आणि तो वास मी अजून ओळखत नव्हते. पहिल्या पहाटे अप्पा खोकत उठले. त्यांना वाटलं, गॅस चालू राहिला. दोघांनी मिळून सिलिंडर तपासला, मोरी धुतली, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला. मग खिडकी उघडली, हवा यावी म्हणून. त्या क्षणी काय झालं ते मी सांगत नाही. फक्त एवढंच, की आपला बाप एकेक श्वासासाठी खांदे उचलतो आहे आणि आपण घराची सगळी दारं उघडून त्याला अजून गुदमरवतो आहोत, हे कळायला मला फार वेळ लागला. त्या दिवसापासून आमची पहाट म्हणजे वाफारा, पंप, ओल्या चादरी, आणि गॅलरीचं दार कायमचं बंद. खुर्ची आत आली. गाड्या दिसेनाशा झाल्या. फ्लेमिंगो आले म्हणे. आम्ही पाहिले नाहीत.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, यांना इथे ठेवू नका. मी म्हटलं, मी दुसरं घर बघते. मुलुंडला फोन केला. मास्तरीणबाईंच्या घरात दुसरं कुटुंब आलेलं होतं. थंडीभर दुसरीकडे कुठे न्यावं म्हणून मी धावपळ करत होते, त्यातच एका पहाटे अप्पांचे ओठ निळे झाले. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "माका गावाक पोचव. तू नोकरी कर." गाडीत बसताना माझी समजूत काढत होते. "नशिबात नाय, ता नाय. त्यात कोणाची चूक नाय गो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. चूक कुणाची ते मला ठाऊक होतं, पण अप्पांना सांगितलं असतं तर अलका त्यांच्या मनातून उतरली असती. आईच्या माहेरची माणसं त्यांना फार जवळची होती. तेवढी तरी राहू द्यावीत म्हणून मी मूग गिळून बसले.

अलकाला मात्र मी सोडलं नाही. फोनवर विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळीकडे काही ना काही असतंच यार. ही मुंबई आहे."

"अप्पांचा दमा तुला माहीत नव्हता?"

ती म्हणाली, "माहीत होता."

"मग?"

"मग काय मग? मला काय विचारतेस? राहा ना. होते सवय."

आम्ही एका चादरीत झोपलेल्या बहिणी. तिने केसाने गळा कापला, एवढंच माझ्या मनात उरलं. तिच्या सोयीसाठी, तिच्या आईजवळ कुणीतरी असावं म्हणून, तिने माझ्या बापाला त्या हवेत आणून बसवलं. त्यानंतर मी अलकाशी बोलले नाही. वर्षं झाली.

मग मी तेव्हाच कांजूर का सोडलं नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं. उत्तर सोपं होतं. मावशी. त्या पहिल्या थंडीत अप्पा गावी गेल्यावर मी त्या बंद घरात भुतासारखी फिरत होते, तेव्हा मावशीच मला खाली घेऊन गेली. तिने मला जेवू घातलं, केसांना तेल लावलं. अलकाला नावं ठेवली. "माझ्या पोटची असान असा वागली," म्हणायची, आणि पदराने डोळे पुसायची. पोटच्या मुलीविरुद्ध ती माझ्या बाजूने उभी राहिली, याचं मला केवढं अप्रूप. मी तिची झाले. तिची औषधं, तिचा मोतीबिंदू, तिचा बँकेचा फेरा, तिच्या सुक्या मासळीसाठी भांडुपच्या बाजारात सकाळच्या खेपा. अप्पांना मी मे महिन्यात आणि गणपतीत भेटत होते. उरलेलं वर्ष मावशीचं होतं. दोघी मिळून आम्ही तुळशीचं लग्न लावत होतो आणि दुसऱ्या दिवशी दोघी मिळून खिडक्या चिकटवत होतो. ती पट्टी कापून द्यायची, मी स्टुलावर चढायचे.

माणसाला कशाचीही सवय होते, यात अलका चुकली नव्हती. मला त्या वासाची झाली. राग मात्र तसाच राहिला, ताजा. दर थंडीत तो वाऱ्याबरोबर येत होता आणि उन्हं चढली तरी जात नव्हता.

गेल्या मार्गशीर्षात अलकाच्या मुलीचं लग्न ठरलं. मावशी तिळातले खडे निवडत बसली होती, मी तिच्या शेजारी. ती म्हणाली, "नातीचा केळवण तुझ्याकडे करूया." मी म्हटलं, "मावशी, तुझी नात आहे, तू कर. अलका माझ्या उंबऱ्यात येणार नाही." ती म्हणाली, किती वर्षं धरून बसणार? मी म्हटलं, जन्मभर. ताटातले तीळ तिने एकदा सारखे केले, पुन्हा सारखे केले.

"अलका तुका सांगणार हुती," ती म्हणाली. "घर दाखवच्या आधीच. मीच नको म्हटलंय. गळ्याची शपथ घातलंय तिका."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती पुढे बोलत होती, शांतपणे, बाजाराची गोष्ट सांगावी तशी. अलकाचा नवरा तिला चारकोपला घेऊन जाणार हे आधीच ठरलं होतं. मग मावशीजवळ कोण राहणार? वर कुणी परकं आलं असतं. आणि मी तर घर शोधतच होते.

"पण अप्पा, मावशी? अप्पांचा दमा?"

"तुझ्या बापसाक गाव आसा, घर आसा, शेजार आसा," ती म्हणाली. "माका हय कोण हुता?"

तिच्या बोलण्यात ओशाळलेपण नव्हतं, हे मला सगळ्यात लागलं. तिने मला लबाडी सांगितली नाही, हिशेब सांगितला. दोन म्हातारी माणसं, एक मुलगी. एकाच्या वाट्याला यायची होती. तिने ती आपल्याकडे ओढली आणि वर त्या मुलीचा राग आपल्या पोटच्या पोरीवर ढकलून दिला. अलकाने तो घेतला. आईच्या गळ्याची शपथ म्हणून सगळी वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्या आणि ताकास तूर लागू दिली नाही. मला तिच्याविषयी वाईट वाटायला हवं. वाटतंही. पण त्याहून जास्त संताप येतो, की एक शपथ मोडण्याची तिची हिंमत झाली नाही, आणि तेवढ्यासाठी अप्पांना गावी परत जावं लागलं. आणि मावशी? माझ्या बाजूने रडली, ते डोळे कुठले होते? तेल लावणारा हात कुठला होता? तो खोटा नव्हता, हे मला माहीत आहे. तेच तर वाईट आहे. खोटा असता, तर मी झटकून टाकला असता.

वस्ती आपण निवडतो असं आपल्याला वाटतं. स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ, शाळा, बाजार, दवाखाना. प्रत्यक्षात आपण कुणाच्या तरी गरजेत राहायला जातो, आणि ती गरज खिडकीतून दिसत नाही. मुलुंडच्या त्या बाईंनी मला ओलीबद्दल सांगितलं, कारण मी त्यांची कुणी नव्हते. परक्या माणसाला खरं सांगायला काही जात नाही. मी किती वेळा त्यांच्या बागेचा विचार केला असेल.

तीळ निवडण्याच्या त्या दिवसानंतर मी पुन्हा घरं बघायला लागले. कुणाला सांगितलं नाही. पण यावेळी भर थंडीत, आणि सकाळी, दूधवाला येतो त्या सुमाराला. एजंट वैतागतात. बोरिवलीचा एक तर डोळे चोळतच आला. तिथे आता मच्छी चालते, म्हणाला, मालक बदललेत. नॅशनल पार्कच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरचं लहानसं घर. मी सरळ गॅलरीत गेले. तो म्हणाला, "मॅडम, किचन बघा ना, मॉड्युलर आहे." म्हटलं, थांबा. उभी राहिले आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. खालच्या घरात कुणीतरी पोह्यांना फोडणी दिली होती. झाडांचा ओला, गार वास येत होता. आणखी काही नाही. मी शेजारच्या घराची बेल वाजवून विचारलं, वरच्या मजल्यावर जाऊन विचारलं, वॉचमनला विचारलं. बारा महिने अशीच हवा असते म्हणाले.

मी तिथूनच अप्पांना फोन लावला. आवाज मला आवरत नव्हता. "अप्पा, घर मिळालं. बोरिवलीला. मी सकाळी येऊन बघितलंय, थंडीत बघितलंय. इथे काही त्रास नाही. तुम्ही या आता. मी न्यायला येते."

पलीकडे कुणीतरी लाकडं फोडत होतं. तो आवाज थांबला, तेव्हा अप्पा बोलले.

"आता नको गो."

"का?"

"तेव्हा माका तुझ्याबरोबर रवाचा हुता. खूप हुता. आता एकट्याची सवय झाली. माझी चूल, माझी वेळ. आता कोणाच्या घरात माका झोप नाय येवची."

"कोणाच्या काय अप्पा? माझं घर आहे."

"तुझाच. म्हणान तर सांगतंय." ते जरा खोकले, साधंच. मग म्हणाले, "आणि तू खय जातलंस आता? मावशी एकटी आसा थय. तुका तिणा पोटच्या चेडवासारख्या सांभाळल्यान. तिका सोडून जाव नको, बाय."

एजंट मागे किल्ली वाजवत उभा होता. अप्पांना मी तेव्हा काही सांगितलं नव्हतं. आता सांगून त्यांना काय मिळणार होतं? मी "हो" म्हटलं.

"शाणी गो माझी," अप्पा समाधानाने म्हणाले, आणि फोन ठेवला.